जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा मुक्काम: लॉज, डाक बंगला आणि मोटेल यांची गोष्ट, आणि आज थांबायचं तर काय बघावं?

मुंबईहून पुण्याला निघालेल्या बहुतेक गाड्या आज खालापूरच्या फूड मॉलवर पंधरा-वीस मिनिटं थांबतात. चहा, वडापाव, स्वच्छतागृह, आणि गाडी पुन्हा एक्स्प्रेसवेवर. वाटेत रात्र काढावी असं कुणाच्या मनातही येत नाही, कारण त्याची गरजच उरलेली नाही.

पण एक्स्प्रेसवे सोडून जुन्या महामार्गाला लागलात की चित्र बदलतं. खंडाळा, लोणावळा, कार्ला फाटा, कामशेत, वडगाव मावळ, तळेगाव. या पट्ट्यात अजूनही ‘लॉजिंग-बोर्डिंग’च्या पाट्या दिसतात. कुठे सिमेंटच्या जाळीचा व्हरांडा, कुठे मोझॅकची फरशी, कुठे काउंटरवर जाडजूड नोंदवही आणि लाकडी ठोकळ्याला अडकवलेली खोलीची किल्ली. अमेरिकेत अशा जुन्या रस्त्याकडेच्या मोटेलांमध्ये मुद्दाम राहायला लोक दुरून येतात. आपल्याकडे याच जागांकडे ‘स्वस्तातलं लॉज’ म्हणून बघितलं जातं.

या जागा तिथे का आल्या, एक्स्प्रेसवेनंतर त्यांचं काय झालं आणि आज तिथे राहायचं ठरवलं तर चांगली जागा कशी ओळखायची, ते समजून घेऊ.

मोटेल म्हणजे नेमकं काय?

‘मोटर’ आणि ‘हॉटेल’ या दोन शब्दांतून मोटेल हा शब्द तयार झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो इथे १९२५ च्या डिसेंबरमध्ये ‘माइलस्टोन मो-टेल’ सुरू झालं. हे नाव लावणारं ते पहिलं मानलं जातं. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामधल्या दोन दिवसांच्या मोटारप्रवासात रात्रीच्या मुक्कामाला ही जागा सोयीची होती.

मोटेलची रचना अगदी साधी असते. एका ओळीत खोल्या, दार थेट बाहेर उघडणारं आणि दारासमोर गाडी. लिफ्ट नाही, लॉबी नाही.

आपल्याकडे मात्र शब्दांचा घोळ आहे. मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे बहुतेक वेळा खाण्याची जागा. राहायच्या जागेला आपण ‘लॉज’ म्हणतो. महामार्गावर ‘मोटेल’ अशी पाटी दिसली तरी आत फक्त जेवणाची सोय असू शकते. त्यामुळे आधी पाटी वाचायला शिकावं लागतं:

- लॉजिंग-बोर्डिंग: राहण्याची आणि जेवणाची, दोन्ही सोय.
- परमिट रूम: ही राहायची खोली नव्हे. परवान्यावर मद्य मिळण्याची जागा. वर लॉज आणि खाली परमिट रूम असेल, तर रात्री आवाजाची तयारी ठेवा.
- फॅमिली रूम: हीसुद्धा बहुतेक ठिकाणी राहायची नव्हे. कुटुंबासाठी जेवायला बसण्याचा वेगळा भाग.
- विश्रामगृह: सहसा सार्वजनिक बांधकाम विभागाचं किंवा दुसऱ्या सरकारी खात्याचं. सरकारी कामासाठी आलेल्यांना प्राधान्य.
- डॉर्मिटरी: एका मोठ्या खोलीत अनेक खाटा. पैसे खाटेचे.

या रस्त्यावर मुक्काम आले कुठून?

मुक्काम रस्ता ठरवतो. माणूस, बैल, घोडा किंवा गाडी एका दमात जिथवर जाऊ शकते, तिथे वस्ती होते. मुंबई-पुणे रस्त्यावर हे फार स्पष्ट दिसतं.

मोटार आणि रेल्वे येण्याआधी मुंबईचा प्रवासी बोटीने खाडी ओलांडून पनवेलला उतरायचा आणि तिथून घाटाच्या दिशेने निघायचा. घाटाच्या पायथ्याला खोपोली, माथ्यावर खंडाळा. घाट चढण्याआधी एक विश्रांती, चढल्यावर एक विश्रांती. खोपोलीत नाना फडणवीसांनी तलाव आणि महादेवाचं देऊळ बांधलं. पाणी, सावली आणि देऊळ म्हणजे त्या काळातली मुक्कामाची पूर्ण सोय होती.

१८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. पुढे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला गेलेला दगडी पूलही १८३० चाच. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, तो स्फोटकांनी पाडण्यात आला.

याच शतकात देशभर डाक बंगल्यांची साखळी उभी राहिली. टपाल आणि पालखीचे भोई जिथे बदलले जात, त्या टप्प्यांवर हे बंगले असत. ठरलेलं भाडं, एक खानसामा, एक नोंदवही. दुसरा प्रवासी आला आणि जागा नसेल, तर आधी आलेल्याने चोवीस तासांनंतर खोली सोडावी, असा साधारण नियम असे. आजही अनेक लॉजमध्ये ‘चोवीस तासांचं भाडं’ घेतात. सामान्य प्रवाशाच्या सराया वेगळ्या होत्या. त्यांची नोंदणी आणि स्वच्छता यांसाठी ब्रिटिश सरकारने १८६७ मध्ये सराई कायदा केला.

मग रेल्वे आली. पुणे ते खंडाळा गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, पण घाटातला लोहमार्ग पूर्ण व्हायला १८६३ उजाडलं. मधल्या पाच वर्षांत प्रवाशांना घाटाचा टप्पा पालखीतून किंवा घोड्यावरून पार करावा लागे. खंडाळ्याला थांबणं तेव्हा भाग होतं. रेल्वे थेट झाल्यावर ही सक्ती संपली. हवापालटासाठी येणाऱ्यांचे बंगले, आरोग्यधामं आणि पाहुण्यांच्या खोल्या मात्र वाढत गेल्या. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात स्थापन केलेलं कैवल्यधाम याच हवेच्या पट्ट्यातलं.

शेवटी मोटार आली. चढणीवर इंजिन तापायचं, रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागायचं आणि लोणावळा-खंडाळ्याला थांबणं पुन्हा गरजेचं झालं. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी हळू करून नाणं टाकण्याची पद्धत याच रस्त्यावरची. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे स्थान, अशी आख्यायिका आहे. आज आपण ज्याला ‘जुनं लॉज’ म्हणतो, ते मुख्यतः या मोटारींच्या आणि एसटीच्या काळातलं आहे.

एक्स्प्रेसवेनंतर काय झालं?

सुमारे ९४.५ किलोमीटरचा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पूर्णपणे सुरू झाला. पूर्वी दमवणारा प्रवास काही तासांवर आला. वाटेत झोपण्याचं कारण संपलं. खोपोली ते कुसगाव या ‘मिसिंग लिंक’ प्रकल्पाची कल्पना तर त्याच्याही पुढची आहे: लोणावळा-खंडाळ्याचा घाटच वगळायचा. ज्या घाटाने इतकी वर्षं प्रवाशाला थांबवलं, तोच वाटेतून बाजूला काढायचा.

अमेरिकेत हेच आधी घडलं. १९२६ मध्ये क्रमांक मिळालेला ‘रूट ६६’ हा शिकागो ते कॅलिफोर्निया रस्ता मोटेलांनी गजबजला होता. १९५६ च्या कायद्याने मोठे आंतरराज्य महामार्ग बांधायला सुरुवात झाली, गाड्या तिकडे वळल्या आणि १९८५ मध्ये रूट ६६ अधिकृत यादीतून काढला गेला. शेकडो मोटेलं ओस पडली. जी टिकली, त्यांतली काही आठवणींवर टिकली: न्यू मेक्सिकोतल्या टुकुमकारी इथलं निऑन दिव्यांचं ‘ब्लू स्वॅलो’ किंवा अॅरिझोनातल्या होलब्रुकमधलं, सिमेंटच्या शंकूच्या आकाराच्या तंबूत झोपायचं ‘विगवॅम’.

उरलेली बरीच मोटेलं भारतीयांनी, विशेषतः गुजराती कुटुंबांनी चालवायला घेतली. काउंटर, झाडलोट, हिशेब सगळं घरच्यांनीच करायचं आणि राहायचंही तिथेच, ही त्यांची पद्धत. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार आज अमेरिकेतली सुमारे ६० टक्के हॉटेलं तिच्या सदस्यांच्या मालकीची आहेत.

मग मावळातली लॉज बंद का पडली नाहीत?

कारण इथला जुना रस्ता रिकामा झाला नाही. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४, आताचा ४८, हा मावळचा रोजचा रस्ता आहे. शिवाय एक्स्प्रेसवेवर दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना बंदी आहे. बाइकवरून किंवा सायकलवरून मुंबई-पुणे करणाऱ्याला जुन्या रस्त्यानेच जावं लागतं. घाटातून येताना कोणत्या गाडीने कुठल्या मार्गिकेत जायचं याच्या पाट्या नीट बघा.

दुसरं कारण तळेगावजवळच्या वराळे गावात गेल्यावर कळतं. तळेगाव स्टेशनाच्या उत्तरेकडचं हे मावळातलं गाव. इथे डी. वाय. पाटील महाविद्यालयांचं संकुल आहे आणि जवळच तळेगावची औद्योगिक वसाहत. इथे मुक्कामाला येणारा माणूस धबधबा बघायला आलेला नसतो. मुलाच्या प्रवेशासाठी गावाहून आलेले आई-वडील, परीक्षेला आलेला विद्यार्थी, कारखान्यात यंत्र बसवायला आलेला तंत्रज्ञ, नवीन नोकरी लागलेला आणि अजून भाड्याची खोली न मिळालेला मुलगा. त्यांना एक-दोन रात्रींसाठी स्वच्छ खाट, गरम पाणी आणि सकाळी लवकर चहा हवा असतो.

म्हणजे या पट्ट्यात आता दोन प्रकारच्या जागा आहेत. काही शनिवार-रविवारच्या गर्दीवर चालतात, काही रोजच्या गिऱ्हाइकावर. जुन्या जागेत राहायचं असेल तर हा फरक सगळ्यांत आधी ओळखा. गर्दीवर चालणाऱ्या मालकाला पुढच्या शनिवारी नवीन गिऱ्हाईक मिळणारच असतं. दर महिन्याला येणारा विक्री प्रतिनिधी मात्र चादर मळकी निघाली तर पुन्हा येत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं तेच लोक जिथे उतरतात, ते लॉज दिसायला साधं असलं तरी सहसा नीट राखलेलं असतं.

हे ओळखायचं कसं? मंगळवारी किंवा बुधवारी फोन करून खोली आहे का विचारा. आठवड्याच्या मधल्या दिवशीही निम्म्या खोल्या भरलेल्या असतील तर ती चांगली खूण. खालच्या जेवणघरात आसपासचे दुकानदार आणि रिक्षावाले जेवत असतील तर आणखी चांगलं.

कुठे थांबता येईल?

खंडाळा-लोणावळा: सर्वाधिक पर्याय आणि दरांत सर्वाधिक चढउतार. खंडाळ्याला जुन्या महामार्गावरच दरीच्या काठचं ‘ड्यूक्स रिट्रीट’ हे या रस्त्यावरचं जुनं, माहितीतलं नाव. बाजारपेठेत आणि स्टेशनच्या आसपास साधी लॉज मिळतात. शनिवारची रात्र टाळता आली तर टाळाच.

कार्ला-मळवली-कामशेत: कार्ला लेणी, एकवीरा देवी, भाजे लेणी, लोहगड-विसापूर यांसाठी सोयीचं. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान कार्ल्याला महामार्गालगतच आहे. एकवीरेच्या चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत आयत्या वेळी खोली मिळणं कठीण.

वडगाव-तळेगाव-वराळे: पर्यटकांची गर्दी कमी, रोजचं गिऱ्हाईक जास्त. महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या आणि परीक्षांच्या दिवसांत मात्र आधी फोन करा. वराळ्यात बऱ्याचशा खोल्या विद्यार्थ्यांसाठी महिन्याच्या भाड्याने असतात. ‘पीजी’ची पाटी बघून एका रात्रीसाठी जागा मिळेल असं धरून चालू नका.

घरगुती मुक्काम हवा असेल तर राज्याच्या पर्यटन विभागाच्या ‘निवास व न्याहरी’ योजनेत नोंदणी झालेली घरंही शोधता येतात.

खोली घेण्याआधी काय तपासावं?

जुनी इमारत म्हणजे धोकादायक इमारत नव्हे. पण जुन्या इमारतीत काही गोष्टी स्वतः बघाव्या लागतात. सामान वर नेण्याआधी ‘खोली बघून सांगतो’ म्हणायला संकोच करू नका.

१. गीझर: बाथरूममध्ये गॅस गीझर असेल आणि हवा बाहेर जायला खिडकी किंवा झरोका नसेल, तर ती खोली घेऊ नका. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. याच कारणासाठी थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये.

२. बाहेर पडायची वाट: जिना एकच आहे का? खिडकीला कायमची जाळी आहे का? रात्री मुख्य दाराला कुलूप लावतात का, आणि किल्ली कुणाकडे असते? अग्निशमन नळकांड्यावरची तारीखही बघा.

३. वीज: लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भिंतीला ओल असेल आणि त्याच भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर खोली बदलून मागा.

४. अंथरूण: चादर उचलून गादी आणि गादीच्या कडा बघा. ढेकणाचे काळे ठिपके तिथेच दिसतात. पावसाळ्यात चादर दमट लागणं नेहमीचं आहे, पण कुबट वास येत असेल तर बदलून घ्या.

५. कडी आणि कुलूप: आतली कडी नीट बसते का? जुन्या लॉजमध्ये बाहेरून लावायचं कुलूप स्वतःचं नेलेलं बरं.

६. पाणी आणि गाडी: गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत, ते विचारा. बाइक असेल तर ती रात्री आवारात आत घेता येते का, हेही.

पैसे आणि कागदपत्रं

दर विचारताना चार प्रश्न एकदमच विचारा: कर धरून किती, जास्तीच्या खाटेचे किती, खोली चोवीस तासांसाठी की दुपारी ठरलेल्या वेळेपर्यंत, आणि शनिवारी दर वेगळा का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो १२ टक्के होता. म्हणजे २,००० रुपयांच्या खोलीवर कर १०० रुपये. बिलात जीएसटी लावला असेल तर त्यावर नोंदणी क्रमांक असायला हवा.

प्रत्येक प्रौढ पाहुण्याचं सरकारी ओळखपत्र सोबत ठेवा. आधारच हवं असं नाही. वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्टही चालतो. आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक सोबत असतील तर त्यांची माहिती लॉजला २४ तासांत अधिकाऱ्यांकडे नोंदवावी लागते. बरीच छोटी लॉज या कामामुळे परदेशी पाहुणे घेत नाहीत, म्हणून आधीच विचारा.

लग्न न झालेल्या प्रौढ जोडप्याने एका खोलीत राहू नये असा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. तरी काही लॉजचालक खोली नाकारतात. रात्री दारात वाद घालण्यापेक्षा फोनवरच विचारलेलं बरं.

एक इशारा: लोणावळ्याच्या बंगल्यांचे फोटो टाकून आगाऊ पैसे उकळणाऱ्या खोट्या जाहिराती सर्रास दिसतात. पूर्ण रक्कम आधी कुणाच्या वैयक्तिक खात्यात पाठवू नका. जुन्या लॉजचा एक फायदा इथे आहे. समोर जाऊन, खोली बघून मगच पैसे देता येतात.

पावसाळ्यात जाणार असाल तर

३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. अशा घटनांमुळे पावसाळ्यात पुण्याचे जिल्हाधिकारी धबधबे आणि धरणांच्या परिसरात प्रतिबंधात्मक आदेश काढतात. निघण्याआधी ते बघा. कोणत्या ओढ्याला कधी पाणी चढतं हे लॉजच्या काउंटरवरचा स्थानिक माणूस नकाशापेक्षा चांगलं सांगतो. तो ‘आज नको’ म्हणाला तर ऐका.

शेवटी, राहावं का?

फक्त लवकर पोहोचायचं असेल तर एक्स्प्रेसवे आहेच. पण बाइकवर असाल, अंधार पडला असेल, पाऊस थांबत नसेल किंवा सकाळी मुलाला महाविद्यालयात सोडायचं असेल, तर आगाऊ नोंदणीशिवाय दारात उभं राहून ‘एक खोली मिळेल का?’ असं विचारता येणारी जागा लागते. अॅपवरचे बंगले दहा जणांच्या गटासाठी असतात. एकट्यादुकट्या वाटसरूला एका रात्रीपुरता आसरा देण्याचं काम या रस्त्यावर आधी धर्मशाळेने आणि डाक बंगल्याने केलं, आता साधं लॉज करतं. ते टिकायचं तर त्याला मधल्या वारचं गिऱ्हाईक हवं. पुढच्या वेळी जुन्या रस्त्याने जाणार असाल तर बुधवारी जा, खोली बघून घ्या आणि बिल मागून घ्या.